सतरा नंबरची कुपी

४ जानेवारी

प्रिय मामा,

फोन केला की तू "कोण? काय म्हणालीस?" करत राहतोस, मग मी ओरडते, मग शेजारच्या टेबलावरचे लोक माझ्याकडे बघतात. चाळीस वर्षं बर्नरच्या शेजारी कान ठेवल्यावर दुसरं काय होणार. त्यापेक्षा पत्र बरं. सावकाश वाच, कारण काम तुझ्याकडेच आहे.

तुझी तळमजल्यावरची काच फुंकायची खोली आता अडगळीची झाली आहे. मागच्या आठवड्यात तिथलं कपाट रिकामं करताना तुझ्या जुन्या कुप्यांचा ट्रे सापडला. तेवीस कुप्या, प्रत्येकीच्या बारीक नळीसारख्या शेपटीला तुझ्या अक्षरातला नंबर. बाईंनी, म्हणजे आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, फेकण्याआधी तपासून बघायला सांगितलं. बावीस कुप्या ठीकठाक निघाल्या. सतरा नंबरची मात्र अशी निघाली की यंत्र बिघडलं समजून मी तीनदा सगळं सुटं करून पुन्हा जोडलं.

तू नेहमी कुरकुरायचास की "मला कुपी करायला सांगतात, कशाला हवी ते कोणी सांगत नाही." तर ऐक. मेंदूत काही चाललं की पेशींमधून बारीकसा प्रवाह वाहतो आणि त्याच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. होकायंत्राची सुई फिरवणाऱ्या पृथ्वीच्या क्षेत्राचा हा अब्जावा हिस्सा. तो मोजायला आम्ही तुझी कुपी वापरतो. आत धातूची वाफ असते. लेझरच्या उजेडाने तिचे अणू एका दिशेला तोंड करून उभे करायचे. मेंदूचं क्षेत्र त्यांना किंचित वळवतं, आणि किती वळवलं ते उजेडच आम्हाला सांगतो. अडचण एकच. अणू काचेच्या भिंतीवर आपटला की दिशा विसरतो. म्हणून तू आतून मेणाचा पातळ लेप द्यायचास. तुझ्या बाकीच्या कुप्यांत अणू सेकंदाच्या विसाव्या भागापर्यंत दिशा धरून ठेवतात. सतरा नंबरमध्ये पाऊण सेकंद.

मामा, तू काय केलंस? मला तश्शा बारा हव्या आहेत.

तुझी,
फुंकणी


१३ जानेवारी

चि. फुंकणीस आशीर्वाद.

पत्र वाचून बरं वाटलं. चाळीस वर्षांनी कोणीतरी सांगितलं की कुपी कशाला हवी होती. पाचव्या वर्षी माझ्या नळीत गाल फुगवून फुंकायचीस आणि फुगा फुटला की माझ्याकडेच रागाने बघायचीस. आता त्याच कुप्यांवर पोट भरतेस, तेव्हा नाव बदलायचं कारण दिसत नाही.

सतरा नंबर म्हणशील तर मला वेगळं काही आठवत नाही. तेवीस पोरांतलं कोणतं रांगलं कधी, हे बाप विसरतो. सगळ्या एकाच पद्धतीने केल्या आहेत. काच धुवायची, वाळवायची. नळीतून धातू आत आणायचा, मेण आणायचं, मान वितळवून मिटवायची. मग कुपी साठ अंशांवर भट्टीत शेकायची, शेपटी थोडी थंड ठेवून, म्हणजे धातू शेपटीत राहतो आणि मेण भिंतीवर नीट बसतं. शेक आठ तास. वहीत सगळं लिहिलं आहे. वही कपाटाच्या खालच्या खणात असेल, निळ्या पुठ्ठ्याची. त्याप्रमाणे करा म्हणजे झालं.

इथे माझं ठीक आहे. खोलीला खिडकी मोठी आहे. खालच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर बुद्धिबळात रोज हरतात आणि रोज येतात.

ताई कशी आहे? माझा विषय काढते का? काढत नसेल तर तूही काढू नकोस.

मामा


९ फेब्रुवारी

प्रिय मामा,

निळी वही सापडली. तुझ्या वहीत अक्षर असं की छापलेलं वाटावं. त्याप्रमाणे आमच्या नव्या काचवाल्याने चार कुप्या केल्या. माणूस हाताचा पक्का आहे, तुझं नाव ऐकून आहे, जीव तोडून काम केलं त्याने. चारही बाकीच्या बावीससारख्याच. पालथ्या घड्यावर पाणी.

घाई का आहे ते सांगते. मेंदूचं क्षेत्र मोजणारं जुनं यंत्र म्हणजे भलंमोठं थंड पिंप. त्यात डोकं घालून माणसाने दगडासारखं निजायचं. ज्याला फिट येते त्याने कसं निजावं? आम्ही बारा कुप्यांचा टोप करतो आहोत, डोक्यावर घालून माणूस हलला तरी चालेल असा. आमच्याकडे एक शिंपीणबाई येतात. त्यांना आठवड्यातून दोनदा फिट येते, मशीनवर बसल्या बसल्या. मेंदूत ती नेमकी कुठून उठते ते कळलं तर शस्त्रक्रिया करायची की नाही हे डॉक्टर ठरवू शकतील. तीस जूनला दवाखान्याची समिती टोप बघायला येणार आहे. तोवर चांगल्या कुप्या झाल्या नाहीत तर बाई हे काम बंद करणार. त्यांनी तसं स्पष्ट सांगितलं आहे. माझी चार वर्षं त्यात आहेत, मामा.

आईचं विचारलंस. गुडघे दुखतात, बाकी बरी आहे. तुझा विषय मी काढत नाही, तीच काढते, आणि दर वेळी एकच वाक्य बोलते, "ज्याला बायकोपेक्षा काच मोठी झाली त्याचं काय बोलायचं." मामी गेली तेव्हा मी परीक्षेसाठी परगावी होते. मला एवढंच माहीत आहे की आई चार दिवस मामीजवळ दवाखान्यात होती, तू आलास तो सगळं संपल्यावर, आणि म्हणालास की भट्टीत कुपी होती, सोडून येता येईना. तेव्हा मलाही राग आला होता. आता स्वतः हे काम करते आहे, तर अर्धवट काम टाकता येत नाही हे मला कळतं. आईला नाही कळायचं. मला कळतं, एवढं तुला सांगायचं होतं.

आठव ना काहीतरी. मेण वेगळं होतं का?

फुंकणी


१८ फेब्रुवारी

चि. फुंकणीस आशीर्वाद.

मेणाचा विचार केला. त्या सुमाराला मेणाची एक नवी पेटी आली होती, ती जास्त शुभ्र होती असं अंधुक आठवतं. मेण दोनदा गाळून बघा. काच धुताना शेवटचं पाणी गरम घ्या. मान मिटवताना ज्योत बारीक ठेवा, मोठ्या ज्योतीने मेण जळतं आणि दिसत नाही. नव्या काचवाल्याला सांग, घाई करू नकोस.

ताई म्हणते त्यात खोटं काय आहे. तू मध्ये पडू नकोस, आणि माझी बाजू तर अजिबात घेऊ नकोस. मी तुला तसं सांगितलेलं नाही.

शिंपीणबाईंना किती वर्षं त्रास आहे? मुलं आहेत का?

मामा


२ एप्रिल

मामा,

मेण दोनदा गाळलं. शेवटचं पाणी गरम घेतलं. ज्योत इतकी बारीक ठेवली की काचवाल्याचे डोळे दुखायला लागले. आणखी आठ कुप्या झाल्या, आठही पडेल. सात आठवडे गेले. जूनला तीन महिने राहिले.

आता स्पष्टच लिहिते. बाई काल म्हणाल्या, "जुने कारागीर हातचं राखून सांगतात. तुझे मामा झाले म्हणून काय झालं." मी त्यांच्याशी भांडले. घरी आल्यावर मात्र तुझी दोन्ही पत्रं पुन्हा वाचली, आणि मला वाटलं, बाई बरोबर असतील तर? पहिल्या पत्रात म्हणतोस सतरा नंबर आठवत नाही. दुसऱ्यात म्हणतोस त्या सुमाराला मेणाची नवी पेटी आली होती. जी कुपी आठवतच नाही तिचा सुमार कसा आठवतो?

तुला काही राखून ठेवायचं असेल तर तसं सांग, मी विचारणं थांबवते. पण मला गोल गोल फिरवू नकोस. शिंपीणबाईंना बारा वर्षं त्रास आहे. एक मुलगी आहे, नववीत. फिट आल्यावर आईला कुशीवर वळवायचं काम तिचं.

फुंकणी


१० एप्रिल

चि. फुंकणीस,

तुझा राग बरोबर आहे. राखून ठेवायला माझ्याकडे काही विद्या नाही. वहीत आहे तेवढंच.

मामा


२८ एप्रिल

प्रिय मामा,

मागच्या पत्रात जास्त बोलले. माफ कर म्हणत नाही, कारण तूही कमी बोललास. पण हे पत्र वेगळ्या कारणाने लिहिते आहे, आणि चार वेळा फाडून पाचव्यांदा लिहिते आहे.

तुझ्या भट्टीला ते जुनं नोंदयंत्र होतं, कागदाच्या गुंडाळीवर पेनाने तापमानाची रेघ ओढणारं. त्या गुंडाळ्या कोणी टाकल्याच नव्हत्या. पत्र्याच्या डब्यात भरून माळ्यावर ठेवलेल्या. मी सगळ्या उलगडल्या. बावीस कुप्यांच्या बावीस रेघा, प्रत्येकी आठ तासांची. दर दोन तासांनी रेघ जराशी खाली येते आणि पुन्हा वर जाते, कारण तू दार उघडून कुपी बघायचास आणि गार हवा आत शिरायची.

सतराव्या गुंडाळीवर रेघ साठ अंशांना पोचते आणि तशीच जाते. मी ती व्हरांड्यात पसरली तर व्हरांडा कमी पडला. नऊ दिवस. आणि नऊ दिवसांत एकही खाच नाही. दार कोणी उघडलंच नाही.

पहिल्यांदा मी आनंदाने ओरडलेच. हेच ते. मेणाला बसायला आठ तास नाही, नऊ दिवस लागतात, आणि मध्ये गार वारा लागता कामा नये. मग गुंडाळीच्या तोंडाशी तू लिहिलेली तारीख बघितली. सोमवार, आठ तारीख. मामी अकराला गेली.

मला याच्या पलीकडे काही विचारायचं नाही. खरंच नाही. फक्त एवढं सांग की गुंडाळी खरी आहे, पेन अडकून बसलं नव्हतं. "खरी आहे" एवढे दोन शब्द कार्डावर लिहून पाठवलेस तरी पुरे. आईला मी काही दाखवलेलं नाही आणि दाखवणार नाही.

आणखी एक, कामाचं. वहीतली नोंद खोडायची नाही असा इथला नियम आहे. जुनी तशीच ठेवून खाली दुरुस्ती लिहायची आणि तिचं कारण लिहायचं. मी कारणाची जागा कोरी सोडू शकते.

फुंकणी


२३ मे

चि. फुंकणीस आशीर्वाद.

उत्तराला जवळजवळ महिना लागला. कार्ड आणलं होतं. त्यावर दोन शब्द लिहिले, पत्ता लिहिला आणि ते टेबलावरच राहिलं. पोस्टमास्तर म्हणाले, मी टाकतो की पेटीत. म्हटलं नको, अजून लिहायचं राहिलंय.

गुंडाळी खरी आहे. साठ अंश, नऊ दिवस, दार न उघडता. शेपटी बावन्नवर. करायला घ्या, पुढचं नंतर वाच.

त्या सोमवारी सकाळी आठ वाजता सतरा नंबर भट्टीत ठेवली. दहाला दवाखान्यातून ताईचा निरोप आला की डॉक्टर म्हणतात, आता थोडेच दिवस. मी बर्नर बंद केला, एप्रन काढला, खोलीला कुलूप लावलं. भट्टीचं डोक्यात नव्हतं. बस पकडून दवाखान्यासमोर उतरलो. तिथे स्टॉपला एक बाकडं आहे. जरा दम खाऊन आत जाऊ म्हणून बसलो.

आत गेलो नाही. रविवारी तुझ्या मामीने मला विचारलं होतं, "मी बरी होईन ना?" मी "हो" म्हणालो होतो. छत्तीस वर्षांत माझी एक थाप तिच्यापुढे टिकली नाही. भाजी विसरून आलो आणि दुकान बंद होतं म्हणालो तरी ती नुसतं बघायची. आता सोमवारी पुन्हा विचारलं तर काय सांगू? हो म्हणालो तर तिला कळेल, आणि कळलेलं मला तिच्या तोंडावर दिसेल. एवढ्याला मी घाबरलो. मंगळवारी गेलो, बसलो. बुधवारी गेलो, बसलो. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, कारखान्याची पाळी असावी तसा. दुसऱ्या मजल्याच्या खिडक्या मोजायचो. तिची कोणती हे मला माहीत होतं.

गुरुवारी तीनच्या सुमाराला ताई फाटकातून बाहेर आली. पायात दवाखान्याच्या सपाता, केस सुटलेले. रस्त्याकडे तोंड करून नुसती उभी राहिली. मला कळलं. तेव्हा मी रस्ता ओलांडला.

ती म्हणाली, "कुठे होतास?" माझ्या तोंडून निघालं, "भट्टीत कुपी होती, सोडता येईना." ठरवून बोललो नाही. बोलताना आठवलं की भट्टी खरोखरच चालू आहे. मग तेच धरून बसलो. भित्र्यापेक्षा कामवेडा बरा, लोक निदान मान देतात. सतरा तारखेला कामावर गेलो तर भट्टीचा दिवा जळत होता. कुपी बाहेर काढली, वहीत "आठ तास" लिहिलं आणि तिला ट्रेमध्ये बाकीच्यांत ठेवून दिली. पुन्हा हात लावला नाही.

तू लिहिलंस की काम अर्धवट टाकता येत नाही हे तुला कळतं. ते वाचून मला जेवण गेलं नाही. तरी मेणाच्या पेट्या सांगत बसलो. तुझे तीन महिने मी खाल्ले, आणि त्या शिंपीणबाईंचेही.

दुरुस्ती अशी लिही. "शेक नऊ दिवस, भट्टी न उघडता. कारण: माणूस जागेवर नव्हता." खाली माझं नाव घाल.

हे पत्र ताईला दे. मी तिला वेगळं लिहू शकणार नाही, पुन्हा शब्द शोधायला बसलो तर त्यात काहीतरी चांगलं घालीन. आहे हेच दे.

मामा


१९ जून

प्रिय मामा,

आधी काम, तुला तेच आवडेल.

सहा कुप्या केल्या. नऊ दिवस शेकल्या. बाई रोज येऊन म्हणायच्या, "जरा उघडून बघू या का?" शेवटी मी भट्टीला कुलूप घालून किल्ली घरी नेली. सहापैकी चार उत्तम. एक तडकली. एक जुन्यांसारखीच निघाली, का ते कळलेलं नाही, म्हणजे नऊ दिवस हेच सगळं नव्हे. पण चार आणि तुझी सतरा मिळून पाच. बाराचा टोप तीस तारखेला होत नाही. पाच कुप्यांचा अर्धा टोप होतो, डोक्याच्या एका बाजूचा.

परवा शिंपीणबाईंना तो घातला. पृथ्वीचं क्षेत्र अडवणारी आमची जाड धातूची खोली आहे, तिच्यात त्या खुर्चीवर बसल्या. म्हणाल्या, नुसतं बसवत नाही, हाताला काहीतरी द्या. सुई चालत नाही, लोखंड. मग प्लास्टिकचं बटण आणि दोरा दिला. त्या उजव्या हाताची बोटं हलवत होत्या, मान वळवून माझ्याशी बोलत होत्या, आणि पडद्यावर डाव्या बाजूला, बोटांची जागा असते तिथे, ठिपका उजळत होता, विझत होता. बाहेर आल्यावर त्यांना चित्र दाखवलं. बराच वेळ बघून म्हणाल्या, "एवढंच? मला वाटलं आत जास्त पसारा असेल." फिट कुठून उठते ते यातून अजून कळत नाही. पण आता कळू शकेल.

वहीत तू सांगितलंस तसंच लिहिलं. बाईंनी वाचलं आणि शेजारी सही केली.

आईला पत्र रविवारी दिलं. तिने ओट्याशी उभ्यानेच वाचलं. गॅस बंद केला, पुन्हा वाचलं, आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. संध्याकाळी बाहेर आली, भाजी निवडली. आज, पाच दिवसांनी, विचारलं, "त्याचा पत्ता तोच आहे ना?"

"तुझे तीन महिने मी खाल्ले" म्हणालास. खाल्लेस. पण दिलंस तेही तूच. रागावले नाही असं नाही, रडलेही. मामीसाठी, आणि त्या बाकड्यावर बसलेल्या माणसासाठी.

फुंकणी


२ जुलै

गुंड्या,

मुलीने तुझं पत्र दिलं. वाचलं.

सहा वर्षं मी तुझ्यावर रागावले ते काचेवरून. आता तू म्हणतोस काच नव्हतीच. मग एवढा साठवलेला राग मी कुठे नेऊन ओतू? दोन आठवडे हाच विचार करते आहे. चार दिवस रस्त्यापलीकडे बसलास. मी दिवसातून दोनदा चहाला खाली यायचे. एकदा जरी मान वर केली असती तर दिसला असतास, कानाला धरून वर आणला असता, लहानपणी आणायचे तसा. तुला कानाला धरायचं सुख मला मिळालं नाही, याचा राग आता नवा आहे.

पण एक गोष्ट माझ्याकडेही आहे, ती मी सहा वर्षं दाबून ठेवली.

तुझी बायको तुझी वाट बघत होती. सोमवारी विचारलं, मंगळवारी विचारलं. मी तुझ्या काचेच्या खोलीत फोन करून दमले, कोणी उचलेना. तिला काय सांगणार? मी थाप मारली. म्हटलं, त्याने भट्टीत काहीतरी ठेवलंय, सोडून येता येत नाही. माझ्या मनाची थाप, तुझी लाज राखायला. आणि गुरुवारी तू येऊन अक्षर न बदलता तेच बोललास. मला वाटलं, मी जे खोटं समजून सांगितलं ते खरंच होतं म्हणायचं. खरंच हा भट्टीपाशी बसला होता. म्हणून तेव्हा तुझ्याकडे बघवलं नाही.

आता ती काय म्हणाली ते ऐक. मी भट्टीचं सांगितलं तर ती हसली. जोर नव्हता, पण हसली. म्हणाली, "भट्टी कसली हो ताई. घाबरला असेल. बाहेरच कुठेतरी बसला असेल. बसू दे त्याला." मी म्हटलं, तुला ताप चढलाय. तू येऊन भट्टी म्हणालास तेव्हा मला वाटलं, बिचारी शेवटपर्यंत याला चांगलं समजून गेली. तुला सांगितलं नाही, कारण तुझी ती लायकी नाही असं वाटलं.

ती बरोबर होती, गुंड्या. तिला माहीत होतं आणि ती रागावलेली नव्हती. हे तुला सहा वर्षं आधी कळायला हवं होतं. ते माझ्यामुळे राहिलं.

आता दुसरं. एकवीस तारखेला माझ्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. त्याच दवाखान्यात, कारण गुडघ्याचा डॉक्टर तिथे बसतो. जिवावरचं नाही. मुलगी त्या आठवड्यात तिचा अर्धा टोप घेऊन दुसऱ्या प्रयोगशाळेत जाणार आहे. समितीने वर्षाची मुदत दिली, ते तिने कळवलं असेलच. ती म्हणते जाणं रद्द करते. मी म्हटलं, काही गरज नाही, माझा भाऊ येणार आहे.

दुसरा मजला, खोली नऊ.

ताई


२१ जुलै

चि. फुंकणीस आशीर्वाद.

काळजी करशील म्हणून लगेच लिहितो. ऑपरेशन नीट झालं. अकराला आत नेलं, एकला बाहेर आणलं. डॉक्टर म्हणाले, उद्या उभं करू. ती त्यांना म्हणाली, आजच का नाही. तेव्हा तब्येत बरी आहे.

मी सकाळी साडेसातला बसमधून उतरलो. बाकडं तिथेच आहे, नवा रंग दिलाय. पाच मिनिटं बसलो, खोटं कशाला लिहू. मग उठलो आणि वर आलो. खोली नऊ जिन्यापासून तिसरी. तुझी मामी चौदाला होती. तिथे आता कोणी म्हातारे गृहस्थ आहेत, दार उघडं असतं.

ताईच्या पलंगाशेजारी लोखंडी खुर्ची आहे, तुझ्या खोलीत चालणार नाही अशी. तिच्यावर बसूनच हे लिहितो आहे. मगाशी तिने डोळे उघडले. म्हणाली, "कधीचा आहेस?" मी म्हणालो, "सकाळपासून." तिने माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि म्हणाली, "मग पाणी दे." नर्सने एका वेळी घोटभरच द्यायला सांगितलंय, तेवढंच दिलं.

मामा